तात्पुरती आइस रिंक भाड्याने घेताना काय बघावं? आणि नवख्यांना स्केटिंग शिकवायचं कसं?

काठावरची
दहा दिवसांच्या कार्यक्रमासाठी खऱ्या बर्फाची तात्पुरती रिंक भाड्याने घ्यायचं घाटतंय. जागा म्हणजे उघडं डांबरी पटांगण, २० मीटर बाय ३० मीटर. दुपारी पारा २८ अंशांपर्यंत जाईल. येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बर्फावर कधी पाय ठेवलेला नसेल. लहान मुलंही असतील आणि पन्नाशीचे लोकही. पुरवठादाराच्या पत्रकात एवढंच आहे: "६०० चौ. मी. रिंक, एका वेळी २०० स्केटर, चिलर १५० किलोवॉट, उभारणी २ दिवस."
हे आकडे पटण्यासारखे आहेत का? करार करण्याआधी काय काय विचारून घ्यावं? आणि कधीच स्केटिंग न केलेल्या माणसाला पाऊण तासात निदान कठडा सोडून चालता येईल, असं शिकवता येतं का? सविस्तर लिहा, घाई नाही.

गोठणबिंदू
पहिला आकडाच खटकतो. ६०० चौरस मीटरवर २०० जण म्हणजे माणशी ३ चौरस मीटर. सराईत लोक एका दिशेने फिरत असतील तर तेवढ्यात भागतं. नवखा माणूस पडतो तेव्हा आडवा होऊन दीड-दोन मीटर घसरतो, मागचा थांबू शकत नाही, आणि ढीग होतो. नवख्यांसाठी माणशी ५ ते ६ चौरस मीटर धरा.
दुसरं म्हणजे पटांगण २० बाय ३० आणि रिंकही तेवढीच, मग बूट बदलायचे कुठे? चिलर, म्हणजे बर्फ गोठवणारं यंत्र, कुठे ठेवणार? खरवडलेल्या बर्फाचा चुरा कुठे टाकणार? १५ बाय २० ची रिंक घ्या. ३०० चौरस मीटर बर्फ चांगला राखता आला तर तो ६०० मीटरच्या चिखलापेक्षा केव्हाही बरा.

पाणसळ
गोठणबिंदू यांना अनुमोदन. पण रिंकच्या मापाआधी जमिनीचा उतार मोजा. डांबरी पटांगणाला पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेलाच असतो, आणि डोळ्यांना तो कळत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे आणि मध्य तपासा. १ टक्का उतार असेल तर २० मीटरला २० सेंटिमीटरचा फरक पडतो. पाणी आपली पातळी गाठणारच, म्हणजे एका टोकाला ५ सेंटिमीटर बर्फ आणि दुसऱ्या टोकाला २५.
"जाड बर्फ म्हणजे मजबूत बर्फ" असं वाटत असेल तर हा हिशेब बघा. थंडावा येतो खालच्या पाइपांतून, उष्णता येते वरून, आणि मधला बर्फ त्या दोघांत अडसर असतो. वरून चौरस मीटरला ३०० वॉट उष्णता येत असेल तर दर २५ मिलिमीटर जाडीमागे तळ आणि पृष्ठभाग यांच्यात जवळपास साडेतीन अंशांचा फरक पडतो. पाइप उणे १२ ला असतील तर ५० मिलिमीटर बर्फाचा वरचा भाग उणे ५ ला राहतो, आणि तो उत्तम. १०० मिलिमीटरला पृष्ठभाग शून्यावर पोचतो, म्हणजे ओला. २५ सेंटिमीटरचं टोक तर गोठणारच नाही.
म्हणून चिलर येण्याआधी पाया सपाट हवा. थोडा उतार असेल तर चाळलेली बारीक वाळू दाबून, जास्त असेल तर पाचरी मारलेलं लाकडी डेक. सगळ्या रिंकवर मिळून १ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नये. डेकला वजनही पेलावं लागतं: ५ सेंटिमीटर बर्फ म्हणजे चौरस मीटरला साधारण ४६ किलो, शिवाय माणसं आणि बर्फ घासायचं यंत्र.

काठावरची
@पाणसळ, हे कुणीच सांगितलं नव्हतं. उतार आजच मोजून घेते. मग १५० किलोवॉटचा चिलर ३०० चौरस मीटरला भरपूर झाला, असं समजायचं का?

उणे_पाच
नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. चिलरची क्षमता कोणत्या तापमानाला मोजली ते विचारा. इमारतीच्या वातानुकूलनासाठी चिलर बाहेर जाणाऱ्या ७ अंशांच्या पाण्यावर मोजतात. तेच यंत्र उणे १० किंवा उणे १२ अंशांचं ग्लायकॉल (पाइपांत फिरणारा, न गोठणारा द्रव) द्यायला लावलं की क्षमता जवळपास निम्म्यावर येते. बाहेरची हवा गरम असेल तर आणखी घसरते. प्रश्न असा विचारा: "बाहेर ३० अंश असताना, उणे १२ च्या ग्लायकॉलवर हा चिलर किती किलोवॉट देतो?" उत्तर लेखी घ्या.
३०० चौरस मीटरला, सावलीत, चौरस मीटरमागे ३०० वॉट धरले तरी ९० किलोवॉट लागतात. १५० चा निम्मा ७५. म्हणजे पत्रकातला चिलर अर्ध्या रिंकलाही पुरणार नाही.
उघड्यावर दुपारच्या उन्हातून चौरस मीटरला १००० वॉटपर्यंत ऊर्जा येते. पांढरा बर्फ त्यातली बरीच परतवतो. पण खालची पाइपांची काळी मॅट दिसणारा पारदर्शक बर्फ ती गिळतो. म्हणून मांडव हवाच, आणि बर्फात पांढरा रंगही हवा.
मांडवातही एक मेख आहे. उन्हाने ४५ अंशांना तापलेलं छताचं कापड खालच्या बर्फावर चौरस मीटरला सुमारे २५० वॉट उष्णता ओततं. ऊन अडवलं, पण छतच शेगडी झालं. उपाय दोन: दुहेरी छत, मध्ये हवा खेळती, किंवा आतून चकचकीत अॅल्युमिनियमचं अस्तर, जे उष्णता फारशी खाली सोडत नाही. कायमच्या रिंकांमध्येही असं अस्तर लावतात.

गोठणबिंदू
@उणे_पाच, छताबद्दल सहमत. बाजूच्या पडद्यांबद्दलही लिहा ना, कारण तिथे लोक दोन टोकांना जातात.

उणे_पाच
पूर्ण उघडं ठेवलं तर गरम दमट वारा बर्फावरून जातो आणि त्यातली वाफ बर्फावर बसते. १ किलो वाफ पाणी होताना जी उष्णता सोडते, तेवढ्यात साधारण ७ किलो बर्फ वितळतो. ढगाळ पण दमट दिवशी बर्फ का बिघडतो, त्याचं कारण हे.
पूर्ण बंद केलं तर माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ आत कोंडते, छताला दव धरतं, थेंब खाली पडून बर्फावर टेंगळं तयार होतात. त्यांवर बुटाचं पातं अडकलं की माणूस तोंडावर पडतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूचे पडदे कठड्याच्या वरपर्यंत बंद, समोरच्या बाजूला छताजवळ हवा जायला फट. छत टोकदार उताराचं असावं, म्हणजे थेंब कापडावरून ओघळून कडेला जातात.

चाकवाला
एवढा खटाटोप कशाला? प्लॅस्टिकच्या सिंथेटिक पट्ट्या मिळतात. पाणी नको, चिलर नको, वीज नको. रोलर स्केटिंग येणाऱ्यांना फरकही कळणार नाही.

सुरीधार
@चाकवाला, आदर राखून असहमत. त्या पट्ट्या पॉलिइथिलीनच्या असतात. पातं चालतं, पण घर्षण बर्फापेक्षा जास्त. बर्फावर एकदा ढकललं की माणूस आठ-दहा मीटर आरामात सरकत जातो, आणि स्केटिंगची खरी गोडी त्या सरकण्यातच आहे. प्लॅस्टिकवर दर पावलाला जोर लावावा लागतो, त्यामुळे नवखा माणूस चालायला शिकतो, घसरत राहायला नाही. शिवाय पात्याची धार फार लवकर जाते.
उन्हात आणखी एक गोष्ट: पॉलिइथिलीन तापलं की बरंच वाढतं. २० मीटर लांबीला २० अंशांच्या फरकाने ६ ते ८ सेंटिमीटर. कठड्याला घट्ट टेकवून बसवलं असेल तर पट्ट्या मध्येच फुगून वर येतात आणि सांध्यांना ठेच लागते.

पहिलं_पाऊल
सुरीधार म्हणतात ते बरोबर, तरी प्लॅस्टिक टाकाऊ नाही. बूट घालायच्या जागेशेजारी ४ बाय ६ मीटरचा प्लॅस्टिकचा तुकडा ठेवला तर सरावासाठी उत्तम. पात्यावर उभं राहणं, पडणं, उठणं हे सगळं तिथे करून घेता येतं. पाय फार घसरत नाहीत म्हणून भीती कमी, आणि बर्फावरचा वेळ वाचतो. शिकवण्याबद्दल सविस्तर लिहिते, पण आधी बर्फाचं काय ते संपू दे.

चाकवाला
हे पटलं. पूर्ण रिंक नको, सरावाचा तुकडा हवा. माघार.

हळूहळू
उभारणी २ दिवसांत होते का? आणि पाणी किती लागतं?

गोठणबिंदू
३०० चौरस मीटर गुणिले ५ सेंटिमीटर म्हणजे १५,००० लिटर. २० अंशांच्या पाण्याचा उणे ५ चा बर्फ करायला साधारण १७८० किलोवॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. १०० किलोवॉट सगळेच्या सगळे त्याच कामाला लागले तरी १८ तास. प्रत्यक्षात हवा आणि जमीन आपला वाटा घेतात, म्हणून सलग दोन रात्री धरा आणि त्याआधी दीड-दोन दिवस जोडणीचे. थोडक्यात, ४ दिवस मागा.

क्रम असा. सपाट केलेल्या पायावर ५० मिलिमीटरच्या कडक फोमच्या शीट, सांध्यांना चिकटपट्टी. हे गाळू देऊ नका, डांबर दिवसभर तापतं आणि रात्रभर खालून उष्णता देत राहतं. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, कडा कठड्यावर वळवलेल्या. मग पाइपांच्या मॅट. पाइप शेजारी शेजारी जाणारा-येणारा असे आलटून पालटून असावेत, म्हणजे थंड गेलेला आणि किंचित गरम होऊन परतणारा द्रव शेजारी राहतात आणि बर्फ सगळीकडे सारखा धरतो. सगळे जाणारे एका बाजूला आणि येणारे दुसऱ्या बाजूला असतील, तर एक बाजू कायम मऊ राहते.
मग हेडर (सगळ्या पाइपांना जोडणारे मुख्य पाइप) जोडायचे, दाब देऊन रात्रभर ठेवायचा आणि सकाळी मापक उतरलाय का बघायचं. ही चाचणी पाणी मारायच्या आधी. बर्फाखाली गळती सापडणं फार कठीण, आणि ग्लायकॉल मिसळलेला भाग कधीच नीट गोठत नाही, तिथे पिठूळ लगदा राहतो.
त्यानंतर ग्लायकॉल भरून हवा काढायची. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा अडकला की तेवढ्याच रेषेत बर्फ धरत नाही. पांढऱ्या दवात एखादी काळी पट्टी उरलेली दिसली की समजा, तिथे हवा आहे.

हळूहळू
ग्लायकॉल विषारी नसतं का? लहान मुलं असणार आहेत.

गोठणबिंदू
चांगला प्रश्न. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि चवीला गोड, म्हणून जनावरं चाटतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल मागा आणि करारात तसं लिहून घ्या. पाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास मिसळलं की उणे २० पर्यंत गोठत नाही. जास्त घालून फायदा नाही. द्रव दाट होतो, पंपावर ताण येतो आणि उष्णता कमी वाहून नेतो. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने एका थेंबात कळतं, समोर तपासायला सांगा.

पाणसळ
पाणी घालायची पद्धतही सांगा. नळी सोडून टाकी भरल्यासारखं भरतात काही जण.

गोठणबिंदू
हो. मॅट उणे ८ च्या खाली गेल्यावर सूर्यास्तानंतर बारीक फवारा. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर, तो पूर्ण गोठला की पुढचा. एकदम भरलं तर तीन गोष्टी बिघडतात: हलके पाइप तरंगून वर येतात आणि नंतर पात्याखाली सापडतात, हवेचे बुडबुडे कोंडून बर्फ ठिसूळ होतो, आणि वर साय धरून खाली पाणी राहतं. पाइपांवर साधारण १ सेंटिमीटर बर्फ चढला की पांढरा रंग फवाऱ्याने दोन-तीन हात, मग पुन्हा फवारे मारून तो बंद करायचा, नाहीतर पात्यांनी खरवडून निघतो. क्षार जास्त असलेल्या पाण्याचा बर्फ गढूळ आणि ठिसूळ होतो, शक्य असेल तर क्षार काढलेलं पाणी वापरा.

विजेचा_जोड
विजेचं कुणी लिहिलं नाही. १०० किलोवॉट थंडाव्यासाठी कॉम्प्रेसर ४० ते ५० किलोवॉट वीज खातो, शिवाय पंप, पंखे, दिवे. थ्री फेज जोडणी लागेल आणि चालू होतानाचा झटका वेगळा. सॉफ्ट स्टार्टर (तो झटका कमी करणारं उपकरण) आहे का, केबल किती लांब आणि किती जाडीची, वीज कोणाच्या खात्यावर, हे सगळं आधी.
वीज गेली तर? ५ सेंटिमीटर बर्फ सावलीत सगळा वितळायला १४ तासांच्या आसपास लागतात, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण वरचे ३ मिलिमीटर वितळायला तासही लागत नाही, आणि आपण चालतो त्याच ३ मिलिमीटरवर. जनरेटर जागेवर जोडून ठेवलेला असावा. वीज गेल्यावर फोन करून मागवलेला जनरेटर येईपर्यंत त्या दिवसाचं स्केटिंग संपलेलं असतं.

चाकवाला
अवांतर प्रश्न: गरम हवेत बर्फ करायची ही कल्पना कधीची?

सुरीधार
बरीच जुनी. जॉन गॅमजी यांनी १८७६ साली लंडनमध्ये चेल्सी भागात यंत्राने गोठवलेली रिंक सुरू केली, नाव ग्लेशियारियम. काँक्रीटवर माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्यांचे थर, त्यांवर तांब्याचे पाइप, आणि पाइपांतून ग्लिसरीनचं मिश्रण. म्हणजे खाली उष्णतारोधक, वर पाइप, आत न गोठणारा द्रव. वर गोठणबिंदूंनी लिहिलेला क्रम तोच आहे, गाईच्या केसांच्या जागी फोम आला एवढंच. बर्फ घासून नवा करणारं यंत्र मात्र फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली कॅलिफोर्नियात बनवलं.

हळूहळू
आणि पातं बर्फावर घसरतं ते वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून, हो ना?

सुरीधार
शाळेत तसंच सांगतात, पण दाबाचा परिणाम फार थोडा आहे. माणसाच्या वजनाने वितळणबिंदू जेमतेम अंश-दोन अंशांनी खाली येतो. उणे १० च्या बर्फावरही स्केटिंग होतं, ते दाबाने समजावता येत नाही. खरी कारणं दोन. एक म्हणजे बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच द्रवासारखा पातळ थर असतो, हे मायकेल फॅरेडे यांनी १८५० च्या सुमारास सुचवलं होतं. दुसरं, पातं घासताना होणारी उष्णता, जी बाउडन आणि ह्यूज यांनी १९३९ साली मांडली. आपल्या कामाचं एवढंच: करमणुकीच्या स्केटिंगला पृष्ठभाग उणे ३ ते उणे ५ ठेवा. त्याहून थंड बर्फ कडक होतो, ढलप्या उडतात, आणि पातं धरतच नाही असं नवख्याला वाटतं.

पाणसळ
मूळ विषयाकडे. बर्फ दर किती वेळाने घासायचा?

उणे_पाच
४५ मिनिटं स्केटिंग, १५ मिनिटं बर्फाची. आधी पात्याने खरवडून चुरा उचलायचा, मग ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याचा पातळ हात ओल्या कापडाने ओढायचा. अर्धा मिलिमीटर थर म्हणजे ३०० चौरस मीटरला १५० लिटर.

विजेचा_जोड
गरम पाणी कशाला? चिलरवर उगाच भार. गार पाण्याने भागतं.

उणे_पाच
पाण्याची निम्म्याहून जास्त उष्णता गोठतानाची असते. ६० ऐवजी २० चं पाणी घेतलं तर तीस टक्क्यांच्या आसपास वाचते, हे खरं. पण गरम पाणी चरांच्या कडा वितळवून त्यात उतरतं आणि जुन्या बर्फाशी एकजीव होतं. त्यात विरघळलेली हवाही कमी. गार पाण्याचा थर वर पापडासारखा बसतो आणि पात्याखाली सुटतो. दुपारी चिलर धापा टाकत असेल तर एखादी फेरी फक्त खरवडून सोडा, पण सकाळ-संध्याकाळ गरमच.
मांडवात पेट्रोलचं यंत्र आणू देऊ नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. बॅटरीचं मागा, किंवा हाताने ढकलायची टाकी. प्रवेशदारापाशी नेहमी खड्डा पडतो. तिथे चुरा आणि पाणी कालवून ठासून भरा आणि कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाचा झोत मारा, मिनिटभरात गोठतं.

सुरीधार
आता बुटांचं. रिंक कितीही चांगली असो, बोथट पात्यांवर कुणी शिकत नाही. पात्याच्या तळाला मध्ये खोबण आणि दोन बाजूंना दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची. भाड्याच्या बुटांना साधारण १३ मिलिमीटर त्रिज्येची खोबण योग्य. नख धारेवरून आडवं ओढा, पांढरा भुसा निघाला तर धार आहे. पात्यावर आडवं नाणं ठेवा. ते एका बाजूला कललं तर दोन्ही धारा सारख्या उंचीच्या नाहीत, तो बूट परत करा, कारण त्यावर माणूस कायम एका बाजूला ओढला जातो.
संख्या: बर्फावर जेवढे असतील त्याच्या दुप्पट जोड्या. एक तुकडी बूट काढत असते तेव्हा दुसरी घालत असते, शिवाय मापं कधीच जुळून येत नाहीत. बूट बदलायच्या जागेपासून बर्फापर्यंत सलग रबरी मॅट. डांबरावर दहा पावलं चाललं की धार गेली. आणि दररोज रात्री पाती कोरडी पुसायची.

माप असं: उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघा वाकवल्यावर मागे यावीत, टाच अजिबात उचलू नये. मोजे एकच, पातळ. दोन जाड मोज्यांत घोटा हलतो, आणि दोष "माझे घोटे कमकुवत" असा पायांना दिला जातो. नाडी बोटांपाशी सैल, घोट्याच्या घडीत कडक, वरच्या दोन हुकांना पुन्हा थोडी सैल. वरपर्यंत करकचून आवळली तर गुडघा पुढे वाकत नाही, आणि गुडघा वाकला नाही तर काहीच जमत नाही.

पहिलं_पाऊल
आता शिकवण्याचं. काठावरची यांनी विचारलंय की पाऊण तासात कठडा सोडता येतो का. बहुतेकांना येतो, अट एकच: पहिली दहा मिनिटं कठड्याकडे जाऊ द्यायचं नाही. हाताने धरलेल्या आधाराकडे शरीर ओढलं जातं, वजन टाचांवर जातं आणि पाय पुढे निसटतात. कठडा धरणारे जास्त पडतात ते यामुळे.

आधी पडणं. गुडघे वाकवून खाली बसत एका कुशीवर, नितंबाच्या बाजूला. हात मागे टेकवायचे नाहीत, मनगटं तशीच मोडतात. पडल्यावर मुठी मिटून हात पोटाशी, मागून पातं येत असतं. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर, मग एक पाय दोन हातांच्या मध्ये, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, आणि वर. मुलांना हे तीनदा करून घ्या, भीती तिथेच निम्मी होते.
मग उभं राहणं: पावलं खांद्याइतकी दूर, गुडघे बुटाच्या टोकावर येतील इतके वाकलेले, हात पुढे कमरेच्या उंचीवर, नजर समोर. खाली बघितलं की डोकं पुढे जातं आणि त्याच्या मागे बाकीचं शरीर. मागे तोल गेला तर हात गुडघ्यांवर ठेवायचे, सरळ व्हायचं नाही.

मग बदकासारखी छोटी पावलं, टाचा जवळ आणि चवडे बाहेर. आठ पावलं टाकून थांबायचं, दोन्ही पावलं समांतर, आणि जे काही घसरत जाईल ते जाऊ द्यायचं. "चाला, चाला, चाला, थांबून घसरा." हा पहिला ग्लाइड. तो जमला की लिंबू: टाचा जुळवून चवडे बाहेर, पावलं आपोआप दूर जातात, मग अंगठे आत वळवून पुन्हा जवळ. बर्फावर लिंबाचा आकार उमटतो. पाय न उचलता पुढे जाता येतं, आणि आतल्या धारेवर दाब कसा द्यायचा ते कळतं.
थांबणं त्यातूनच: पावलं दूर असताना टाचा बाहेर ढकलायच्या, पाती सपाट ठेवून बर्फ खरवडायचा. हा स्नोप्लाऊ. भुसा उडायला हवा. पातं फार कलतं केलं तर ते चावतं आणि माणूस गोल फिरतो.
एका पायावरचा ग्लाइड आणि क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) दुसऱ्या दिवशी.

हळूहळू
ढकलायच्या पेंग्विनच्या बाहुल्या ठेवाव्यात का मुलांसाठी?

पहिलं_पाऊल
अगदी लहानांसाठी, चार-पाच वर्षांच्या, हो. मोठ्यांसाठी नको. बाहुलीवर रेलून कंबरेतून वाकायची सवय लागते आणि ती काढून घेतली की पुन्हा शून्यापासून. द्यायच्याच असतील तर पहिली दहा मिनिटं.

गोठणबिंदू
इथे थोडं असहमत. गर्दीच्या वेळी भेदरलेल्या मोठ्या माणसाला आधार दिला नाही तर तो दाराच्या तोंडाशीच थांबतो आणि सगळ्यांची वाट अडते. दहातल्या दोघांसाठी तरी ठेवाव्यात.

पहिलं_पाऊल
त्या बाबतीत मान्य. पण एका कोपऱ्यात शंकू लावून त्या तिथेच ठेवा, फेरीच्या वाटेवर नकोत.

चाकवाला
रोलरवाल्यांसाठी माझी भर. तोल आणि ढकलणं कामाला येतं, थांबणं नाही. इनलाइनच्या (एका रांगेत चाकं असलेल्या स्केटच्या) टाचेवर ब्रेक असतो, बर्फाच्या बुटाला नसतो. टाच दाबली की सरळ पाठीवर. आणि फिगर स्केटच्या पुढच्या दातेरी टोकाने ढकलायचं नाही. ढकलणं पात्याच्या लांबीने, बाजूला. रोलर येणाऱ्यांनाही आधी स्नोप्लाऊ करायला लावा, कारण ते वेग लवकर घेतात आणि थांबायला कठडाच शोधतात.

विजेचा_जोड
सुरक्षेचं: सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट. मुलांना हेल्मेट, सगळ्यांना हातमोजे. कठड्याची दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. मुलांना कडेवर घेऊन स्केटिंग पूर्ण बंद. कठड्याच्या खाली फट नको, पातं अडकतं.

काठावरची
सगळ्यांचे मनापासून आभार. उतार मोजला: २० मीटरला १४ सेंटिमीटर. म्हणजे डेक. नवी मागणी अशी लिहिली आहे: १५ बाय २० रिंक, दुहेरी छताचा मांडव, ३० अंश हवेत उणे १२ ला १०० किलोवॉट लेखी, प्रॉपिलीन ग्लायकॉल, रात्रभर दाबाची चाचणी, जनरेटर जोडलेला, बॅटरीचं यंत्र, उभारणीला ४ दिवस, एका वेळी ५५ जण, ११० जोड्या, ४ बाय ६ चा सरावाचा तुकडा. पुरवठादार म्हणतो, चिलर मोठा द्यावा लागेल.
एकच राहिलं: शेवटच्या दिवशी या १५,००० लिटर बर्फाचं काय करायचं?

उणे_पाच
चिलर मोठा द्यावा लागेल असं तो स्वतः म्हणतोय, म्हणजे हिशेब करून उत्तर दिलंय. चांगली खूण आहे.

पाणसळ
उतरवायला दीड दिवस धरा. आधी कठडे सोडवा, ते बुडाशी बर्फात अडकलेले असतात. मग पाइपांतून कोमट ग्लायकॉल फिरवा, तळाचा बर्फ सुटतो. लादी लाकडी हातोड्याने तोडा. पहार किंवा कुदळ लावली की मॅटला भोक पडतं आणि भरपाई तुमच्या अंगावर येते. बर्फ हलवल्यानंतरच ग्लायकॉल पुरवठादाराच्या टाकीत परत, जमिनीवर थेंबही नाही. पाण्यात पांढरा रंग असतो, ते सरळ गटारात न सोडता एखाद्या टाकीत रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी सोडा. लाद्या पटांगणाच्या उताराच्या खालच्या टोकाला रचा. तो १४ सेंटिमीटरचा उतार तिथे कामाला येईल.

काठावरची
लिहून घेतलं. डेकवाल्याशी उद्या बोलते, मापं घेतली की इथेच टाकते.